करमाड ते मगदान : दुचाकीवरून सायबेरिया गाठायचा, तर तयारी काय हवी?

करमाड : छत्रपती संभाजीनगरहून जालन्याकडे निघाले की सुमारे वीस किलोमीटरवर करमाड लागते. शेंद्र्याची औद्योगिक वसाहत, रेल्वेचे छोटे स्थानक आणि दिवसरात्र वाहता जालना रस्ता अशी या गावाची ओळख आहे. शहराच्या पलीकडच्या बाजूला वाळूज येथे बजाज ऑटोचा कारखाना १९८५ पासून उभा आहे. दुचाकीचे सुटे भाग बनविणारे आणि इंजिन उघडून पुन्हा बसविणारे हात या पट्ट्यात घरोघरी सापडतात. एमएच २० क्रमांकाच्या मोटारसायकली लडाखला जाणे ही येथे आता नवलाई राहिलेली नाही. लडाख झाले, आता पुढे काय, हा प्रश्न साहजिकच येतो आणि त्याचे एक उत्तर रशियाच्या अतिपूर्वेकडे बोट दाखवते. तेथे याकुत्स्कजवळून निघून ओखोत्स्क समुद्राच्या काठावरील मगदान या बंदरापर्यंत जाणारा कोलिमा महामार्ग आहे.

रशियाचे नाव मराठी वाचकाला अनोळखी नाही. अण्णा भाऊ साठे १९६१ मध्ये तेथे गेले आणि त्यांनी आपल्या प्रवासाचे वर्णन मराठीत आणले. अलीकडचे उदाहरण पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांचे आहे. त्यांनी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९ हजार किलोमीटरची जगप्रदक्षिणा सायकलने पूर्ण केली आणि त्या प्रवासात रशियातील कडाक्याच्या थंडीला तोंड दिले. भारतीय बनावटीच्या दुचाकीही मागे नाहीत. बजाजच्या डॉमिनार मोटारसायकलींवर तीन भारतीय स्वारांनी आर्क्टिकपासून अंटार्क्टिकापर्यंतचे सुमारे ५१ हजार किलोमीटर अंतर ९९ दिवसांत कापले. तेव्हा अशी स्वारी अशक्य कोटीतील नाही. तथापि तिच्या यशापयशाचा निर्णय रस्त्यावर कमी आणि घरी बसून केलेल्या तयारीत अधिक होतो, हे ध्यानात घेतले पाहिजे.

रस्ता कसा आहे?

व्लादिवोस्तोक बंदरातून निघाल्यास पहिला टप्पा खबारोव्स्कपर्यंत सुमारे साडेसातशे किलोमीटरचा आहे. तेथून चितापर्यंत जाणारा ‘अमूर’ महामार्ग सुमारे २१०० किलोमीटर लांबीचा असून त्याचे डांबरीकरण २०१० मध्ये पूर्ण झाले. मगदानला जाणाऱ्याने या महामार्गावर नेव्हेर येथे उत्तरेकडे वळायचे असते. तेथे ‘लेना’ महामार्ग सुरू होतो. सुमारे ११५० किलोमीटरनंतर तो याकुत्स्क शहरासमोर, लेना नदीच्या पूर्व काठावरील निझ्नी बेस्त्याख येथे संपतो. कोलिमा महामार्गाचा आरंभ येथूनच होतो आणि त्याची लांबी सुमारे २०३० किलोमीटर आहे. व्लादिवोस्तोक ते मगदान हा एकेरी प्रवास अशा रीतीने पाच हजार किलोमीटरच्या वर जातो.

याकुत्स्कजवळ लेना नदीवर अद्याप पूल झालेला नाही. उन्हाळ्यात तराफा-बोटी चालतात, हिवाळ्यात गोठलेल्या नदीवरूनच वाहने जातात. बर्फ फुटत असताना आणि पुन्हा धरत असताना काही आठवडे वाहनांची ये-जा बंद राहते. पुढे खांदिगाजवळ अल्दान नदीही बोटीनेच ओलांडावी लागते.

कोलिमा महामार्गाचा मोठा भाग आजही खडीचा आहे. कोरड्या दिवसांत समोरच्या मालमोटारीची धूळ डोळ्यांपुढे भिंत उभी करते, तर पावसात त्याच रस्त्याचा निसरडा लगदा होतो. मराठवाड्यातील स्वाराला या लगद्याची कल्पना वेगळी द्यायला नको. श्रावणात काळ्या मातीच्या पाणंद रस्त्याने दुचाकी नेताना मडगार्डमध्ये चिखल ठासून चाक जाम होते. त्याचीच ही मोठी आवृत्ती समजावी. फरक एवढाच, की पाणंद रस्त्यावर हाक मारली तर शेजारच्या शेतातून कोणीतरी येते. कोलिमाच्या रस्त्यावर पुढचे वाहन कधी येईल, हे सांगता येत नाही.

नद्या अचानक का फुगतात?

या प्रदेशातील जमीन काही हात खोलीखाली बारमाही गोठलेली असते. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो. पाऊस पडला की पाणी मुरायला जागा नसल्यामुळे ते थेट ओढ्या-नद्यांकडे धावते. सकाळी घोट्याइतका असलेला ओढा संध्याकाळी कमरेपर्यंत चढू शकतो. मुख्य महामार्गावर आता बहुतेक ठिकाणी पूल आहेत. तोमतोरमार्गे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावर मात्र अनेक पूल वाहून गेले असून तेथे नदीच्या पात्रातूनच जावे लागते. २००४ मध्ये इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन या अभिनेत्यांनी लंडन ते न्यूयॉर्क अशी दुचाकी मोहीम केली. मदतीला वाहने आणि पथक असतानाही त्यांना याच भागातील खोल नद्या ओलांडण्यासाठी मोटारसायकली मालमोटारींवर चढवाव्या लागल्या होत्या.

यावरून एक नियम घालून घ्यावा. ज्या पाण्यातून स्वार आधी पायी चालत गेला नाही, त्यात दुचाकी घालू नये. पाणी गुडघ्याच्या वर असेल किंवा पायाखालचे दगड सरकत असतील, तर तंबू ठोकून पाणी उतरण्याची वाट पाहावी. पाऊस थांबला की अनेकदा एका दिवसात पात्र ओसरते. वेळापत्रकात असा मोकळा दिवस ठेवला नसेल, तर स्वार घाई करतो. अपघाताचे मूळ या घाईत असते.

नकाशाने सांगितलेला जवळचा रस्ता

या मार्गावरील सर्वांत बोलकी घटना डिसेंबर २०२० मधील आहे. याकुत्स्कच्या बाजूने मगदानकडे मोटारीने निघालेल्या दोन १८ वर्षांच्या तरुणांना मोबाइलवरील नकाशाने कमी अंतराचा मार्ग दाखविला. तो तोमतोरमार्गे जाणारा, देखभाल सोडून दिलेला जुना रस्ता होता. तेथे त्यांची मोटार बंद पडली. उणे ५० अंशांच्या आसपासच्या थंडीत मदत पोहोचेपर्यंत एकाचा गोठून मृत्यू झाला होता आणि दुसरा जेमतेम वाचला. त्यानंतर मोबाइल नकाशातून तो मार्ग सुचविणे बंद करण्यात आले. ही दुर्घटना हिवाळ्यातील असली तरी तिचा बोध बाराही महिने लागू आहे. नकाशाला अंतर कळते, रस्ता आजही वाहता आहे की नाही हे कळतेच असे नाही. छापील नकाशा, इंटरनेटशिवाय चालणारा नकाशा आणि प्रत्येक मुक्कामी मालमोटारीच्या चालकांकडे केलेली चौकशी, या तिन्हींचा मेळ बसला तरच पुढे निघावे.

दिवस किती लागतील?

अशा मोहिमेसाठी जूनच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ योग्य मानला जातो. कोलिमा महामार्गालगतच्या ओय्म्याकोन परिसरात १९३३ मध्ये उणे ६७.७ अंश सेल्सिअस इतके तापमान नोंदले गेले होते. जुलैत मात्र त्याच प्रदेशात पारा ३० अंशांपर्यंत जाऊ शकतो. डासांचे थवेही याच काळात असतात, म्हणून हेल्मेटवरून घालता येईल अशी जाळी सोबत हवी. ऑगस्ट सरता सरता रात्री पुन्हा गोठवू लागतात.

आता हिशेब मांडू. डांबरी रस्त्यावर दिवसाला सरासरी ४०० किलोमीटर आणि खडीवर २५० किलोमीटर धरावेत. व्लादिवोस्तोक ते नेव्हेर या सुमारे १९०० किलोमीटरना पाच दिवस, लेना महामार्गाला चार दिवस आणि कोलिमाला आठ ते नऊ दिवस लागतील. म्हणजे १८ दिवस झाले. त्यात एक तृतीयांश, म्हणजे सहा दिवस पाऊस, दुरुस्ती, आजारपण आणि बोटीच्या खोळंब्यासाठी मिळवावेत. एकूण २४ दिवस झाले. बंदरात दुचाकी सोडविण्यासाठी आठवडा सहज जातो, तो यात धरलेला नाही. भारतीयांना रशियाचा ई-व्हिसा ऑगस्ट २०२३ पासून मिळू लागला. आरंभी त्यावर १६ दिवस राहता येत होते. ऑगस्ट २०२५ पासून ही मुदत ३० दिवसांची झाली. म्हणजे ई-व्हिसावर हा प्रवास काठावर बसतो. एक नदी दोन दिवस आडवी आली, तर मुदत संपण्याची टांगती तलवार डोक्यावर राहते. म्हणून अधिक मुदतीचा व्हिसा आपल्याला मिळू शकतो का, याची चौकशी दूतावासाकडे आधीच करणे हिताचे.

मगदान हे रस्त्याचे शेवटचे टोक आहे, हेही विसरता येत नाही. तेथून पुढे रेल्वे नाही आणि दुसरा महामार्गही नाही. आल्या वाटेने परतावे, अथवा दुचाकी जहाजाने व्लादिवोस्तोकला पाठवून स्वाराने विमानाने जावे, एवढेच पर्याय उरतात. परतीची व्यवस्था निघण्यापूर्वीच ठरलेली असावी.

दुचाकी तेथे पोहोचवायची कशी?

भारतातून रस्त्याने रशियाला जाणे सध्या जवळपास अशक्य आहे. पाकिस्तानची वाट एप्रिल २०२५ मध्ये अटारी बंद झाल्याने मिटली. म्यानमारमधील २०२१ च्या लष्करी सत्तांतरानंतर पूर्वेचा मार्ग बेभरवशाचा झाला. चीनमधून जायचे तर अधिकृत वाटाड्या आणि विशेष परवाने लागतात. उरतो तो सागरी मार्ग. मुंबईहून सेंट पीटर्सबर्गचे सागरी अंतर ८६७५ नाविक मैल असून त्यास ४० दिवसांच्या आसपास लागतात. चेन्नई ते व्लादिवोस्तोक हे अंतर सुमारे ५६०० नाविक मैल असून ते सुमारे २४ दिवसांत कापता येते. कोलिमाला जाणाऱ्याच्या दृष्टीने दुसरा मार्ग उघडच सोयीचा आहे.

गंमत अशी, की करमाडच्या परिसरातून समृद्धी महामार्ग जात असला तरी त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. बंदर गाठण्यासाठी दुचाकी जुन्या रस्त्यानेच न्यावी लागेल किंवा टेम्पोत चढवावी लागेल. जहाजात भरण्यापूर्वी तिची लाकडी पेटी तयार करावी लागते. टाकीतील पेट्रोल काढून बॅटरीची जोडणी सोडविली जाते. आरसे, हॅण्डल आणि पुढचे चाक काढल्यास पेटीचा आकार आणि पर्यायाने भाडेही घटते.

कागदपत्रांची शिदोरी

देशाबाहेर नेलेली दुचाकी परत आणताना तिच्यावर आयात शुल्क लागू नये, यासाठी ‘कार्नेट’ हे सीमाशुल्काचे पासपुस्तक काढतात. मुंबईतील वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनसारख्या संस्थांकडे त्याची चौकशी करता येते. त्यासाठी हमीची मोठी रक्कम अडकते, म्हणून खर्चाचा अंदाज करताना हा आकडा प्रथम विचारावा. रशियात कार्नेटची सक्ती नाही. तेथील सीमाशुल्क विभाग तात्पुरत्या आयातीचा दाखला देतो. त्यावरील तारखेच्या आत दुचाकी देशाबाहेर गेली नाही, तर दंड व शुल्काचा भुर्दंड बसतो. दुचाकी मोडली म्हणून ती तेथेच टाकून येण्याची सोय नाही.

आंतरराष्ट्रीय वाहनपरवाना प्रादेशिक परिवहन कार्यालयातून मिळतो. त्यासाठी नमुना ४-ए भरावा लागतो आणि परवान्याची मुदत एक वर्ष असते. दुचाकीच्या मागे ‘भारत’ दर्शविणारी आंतरराष्ट्रीय अक्षरचिन्हांची पाटी लावावी. नोंदणीपत्र आणि परवाना यांचे रशियन भाषांतर प्रमाणित करून घ्यावे. तेथील सक्तीचा तृतीयपक्ष विमा रशियातच काढता येतो. आरोग्य विम्याच्या बाबतीत मात्र डोळ्यांत तेल घालून अटी वाचाव्यात. अनेक प्रवास विम्यांत मोटारसायकल चालविताना झालेली इजा वगळलेली असते, तर काही विम्यांत निर्बंध असलेले देश वगळलेले असतात. हॉटेलात मुक्काम केल्यावर परदेशी पाहुण्याची नोंदणी होते. तिची पावती प्रवास संपेपर्यंत जपून ठेवावी.

पैसा आणि संपर्क

मार्च २०२२ पासून रशियाबाहेर दिलेली व्हिसा व मास्टरकार्डची कार्डे त्या देशात चालत नाहीत. त्यामुळे सर्व खर्च रोकडीने भागवायचा असे धरूनच निघावे. डॉलर वा युरो मोठ्या शहरांतील बँकांत बदलून घ्यावेत, कारण पुढे खेड्यांत ती सोय मिळण्याची शाश्वती नसते. दहा हजार डॉलरपेक्षा अधिक रोकड असल्यास ती सीमेवर जाहीर करावी लागते. पैसे एकाच खिशात न ठेवता दोन-तीन ठिकाणी विभागून ठेवावेत.

मोबाइलची व्याप्ती वस्त्यांपुरती आहे. शिवाय सुरक्षेच्या कारणास्तव रशियात २०२५ पासून अनेक प्रांतांत मोबाइल इंटरनेट वेळोवेळी बंद केले गेले. अशा ठिकाणी उपग्रहाधारित यंत्र उपयोगी पडते. पण भारतात विनापरवाना उपग्रह फोन बाळगणे गुन्हा आहे आणि विमानतळांवर त्यासाठी प्रवाशांना अटकही झाली आहे. ते भारतातून नेण्याऐवजी तेथील नियम पाहून तेथेच भाड्याने घेणे शहाणपणाचे. आपत्कालीन मदतीचा क्रमांक रशियातही ११२ आहे. व्लादिवोस्तोक येथे भारताचा वाणिज्य दूतावास असून आपल्या मार्गाची माहिती त्यास देऊन ठेवावी.

घरच्यांशीही वेळेचा संकेत ठरवावा. मगदानचे घड्याळ भारतापेक्षा साडेपाच तास पुढे असते. करमाडला रात्रीचे आठ वाजतात, तेव्हा मगदानला मध्यरात्र उलटून दीड वाजलेला असतो. संध्याकाळी फोन करतो, एवढे सांगणे म्हणूनच पुरेसे नाही. किती तास निरोप आला नाही तर काळजी करायची आणि कितव्या तासाला कोणाला कळवायचे, हे कागदावर लिहून घरातील जबाबदार माणसाच्या हाती द्यावे.

पेट्रोल आणि दुचाकी

हिमाचलातील तांडीच्या पेट्रोल पंपावरील ‘पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर’ हा फलक लडाखच्या वाटेवर प्रसिद्ध झाला. कोलिमावर याच बेताने चालावे. पंपांमधील अंतर दोनशे-तीनशे किलोमीटर असू शकते आणि एखादा पंप बंदही असू शकतो, म्हणून ४०० किलोमीटरचे इंधन सोबत हवे. डांबरी रस्त्यावर लिटरला ३० किलोमीटर धावणारी दुचाकी खडीवर, सामानासह, २२ ते २३ पर्यंत उतरते. १७ लिटरच्या टाकीत सुमारे ३८० किलोमीटर भागतात. पाच लिटरचा डबा जोडला की शंभरेक किलोमीटरची उसंत मिळते. रशियन पंपांवर आधी खिडकीत लिटर सांगून पैसे भरायचे आणि मग पेट्रोल घ्यायचे, अशी रीत आहे. दूरच्या पंपांवर सहसा ९२ ऑक्टेनचे पेट्रोल मिळते आणि ते बहुतेक भारतीय इंजिनांना चालते.

दुचाकी कोणतीही असो, ती स्वाराला एकट्याने उचलता आली पाहिजे. चिखलात आडवी पडलेली दोनशे किलोची गाडी सामानासह उभी करणे ही खरी परीक्षा आहे. क्लच व ॲक्सिलरेटरची तार, क्लच-ब्रेकचे लिव्हर, ट्यूब, पंक्चरचे साहित्य, साखळीची कडी, इंधन व हवेचे फिल्टर, स्पार्क प्लग आणि फ्यूज एवढे जवळ असावे. हे सगळे रस्त्याच्या कडेला, पावसात, स्वतःच्या हाताने बदलण्याचा सराव हवा. येथे करमाड-शेंद्रा पट्ट्यातील मुलांचे पारडे जड ठरते. इंजिनाची ज्यांना भीती नाही, त्यांनी अर्धी लढाई जिंकलेली असते.

सरावासाठी दूर जायची गरज नाही. पावसाळ्यात लाडसावंगीच्या बाजूचे कच्चे रस्ते, कन्नडजवळचा गौताळ्याचा परिसर आणि त्यानंतर हिवाळ्यात हिमालयाचा एखादा टप्पा, सर्व सामान लादूनच करावा. न वापरलेली वस्तू तिसऱ्या दिवशी घरी काढून ठेवावी.

वेळापत्रक उलटे मांडावे

जूनअखेरीस व्लादिवोस्तोक सोडायचे असेल, तर दुचाकी मेच्या मध्यापर्यंत भारतीय बंदरात द्यावी लागेल. म्हणजे कार्नेट, भाषांतरे व परवाना मार्च-एप्रिलपर्यंत हाती हवा आणि अर्ज जानेवारीतच गेलेले हवेत. सरावाचा पावसाळा त्याआधीच्या वर्षीचा. आज मनात आलेली मोहीम अशा रीतीने दीड वर्षाने रस्त्यावर येते.

फेब्रुवारी २०२२ पासून रशिया युद्धात आहे. रणभूमी कोलिमापासून हजारो किलोमीटर दूर असली तरी पूल, रेल्वे व लष्करी ठिकाणांची छायाचित्रे घेणे अंगाशी येऊ शकते. रशियात नोकरीच्या आमिषाने गेलेल्या भारतीय तरुणांना सैन्यात भरती केल्याचे प्रकार उघड झाल्यानंतर परराष्ट्र मंत्रालयाने वारंवार इशारे दिले आहेत. वाटेत कोणी काम देऊ केले, न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही मागितली, तर तेथूनच मागे फिरावे.

हाडांचा रस्ता

कोलिमा महामार्गाला ‘हाडांचा रस्ता’ म्हणतात. स्टालिनच्या राजवटीत १९३० च्या दशकापासून छळछावण्यांतील कैद्यांकडून तो बांधून घेण्यात आला. थंडी, उपासमार आणि श्रमाने अगणित कैदी मेले. मगदानमध्ये १९९६ मध्ये उभारलेले ‘दुःखाचा मुखवटा’ हे एर्न्स्ट नेइझ्वेस्त्नी यांचे शिल्प त्यांचे स्मारक आहे. करमाडला हे समजावून सांगावे लागत नाही. टाळेबंदीच्या काळात, ८ मे २०२० रोजी पहाटे, जालन्याहून पायी घराकडे निघालेले सोळा मजूर याच परिसरात रुळांवर झोपलेले असताना मालगाडीखाली गेले. वाटा बांधणारे आणि वाटा तुडवणारे श्रमिक कोण होते, याची जाण ठेवून जो त्या महामार्गावर जाईल, तो तेथे पराक्रमाच्या आविर्भावाने उभा राहणार नाही.

शेवटी सर्वांत कठीण तयारी एका वाक्याची आहे : कोठून परत फिरायचे? पेट्रोल अर्ध्यावर येऊनही पुढच्या पंपाची खात्री नसेल, पाणी गुडघ्यावर असेल, ताप दोन दिवस उतरत नसेल किंवा व्हिसाचे दहा दिवस उरले असताना खांदिगा मागे पडले नसेल, तर मागे फिरायचे. हे निकष करमाडला, घरच्यांसमक्ष, शांत डोक्याने लिहून ठेवावेत. दीड वर्षाची मेहनत आणि गुंतलेला पैसा समोर दिसत असताना नदीकाठी बसून असा निर्णय घेणे कोणालाही जड जाते. आधी लिहून ठेवलेला असला, तर तो तेथे फक्त पाळायचा उरतो.